५ मिमी स्टेनलेस पट्टीत ९ ची भोकं : ड्रिल जळतंय, कोणतं घ्यावं आणि कसं चालवावं?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमचं घर खाडीच्या तोंडाशी आहे. एमएसचं (माइल्ड स्टीलचं, म्हणजे साध्या लोखंडाचं) ग्रिल इथे दोन पावसाळे कसंबसं काढतं, तिसऱ्याला पोपडे सुटतात. मग रेड ऑक्साइड मारा नाहीतर इपॉक्सी मारा, गंज आतून येतोच. म्हणून यंदा ओटीच्या खिडक्यांना आणि मागच्या पडवीला स्टेनलेसच्या पट्ट्या लावायचं ठरवलं. ४० बाय ५ ची पट्टी आणली आहे, दुकानदाराने ३०४ (स्टेनलेसचा एक ग्रेड) म्हणून दिली. एम८ बोल्टसाठी ९ मिमीची भोकं पाडायची आहेत, सगळी मिळून चाळीसेक होतील. पडवीला जुना एमएसचा अँगल आहे, ५० बाय ५० बाय ६ चा, तो अजून दणकट आहे. त्यात एम८ चे आटे पाडून पट्टी तिथेच कसायचा विचार आहे.

माझ्याकडे १३ मिमी चकचं हातातलं इम्पॅक्ट ड्रिल मशीन आहे, ६५० वॉट, २८०० आरपीएम, ट्रिगरवर स्पीड कमी-जास्त होतो. मेहुण्याकडे १८ व्होल्टचं बॅटरीचं मशीन आहे, दोन गिअरचं, ते हवं तेव्हा मिळतं. ड्रिलचा एक सोनेरी सेट घरात होता, तोच वापरायला काढला.

पहिल्याच भोकाला ९ चं ड्रिल दीडेक मिलीमीटर आत गेलं आणि किंचाळायला लागलं. धूर आला, टोक निळं पडलं. आता त्या खड्ड्याचा तळ चकचकीत झालाय आणि त्यावर नवं ड्रिलसुद्धा धरत नाही, नुसतं गोल फिरतं. याच सेटमधलं ८ चं ड्रिल अँगलमध्ये मात्र सरळ पार झालं.

तर विचारायचं असं, की स्टेनलेससाठी नेमकं कोणतं ड्रिल मागायचं? कोबाल्ट, टायटॅनियम, कार्बाइड अशी बरीच नावं कानावर येतात. या मशीनवर हे काम होईल का, की फॅब्रिकेशनवाल्याकडे पट्ट्या नेऊ? आणि ते अर्धवट भोक आता कसं सोडवायचं?


साइटवाला (सातारा)

आधी मशीनवरचा हातोडीचा खटका बंद आहे ना ते बघा. धातूला हॅमर कधीच नाही, धारेचे कोपरे जागच्या जागी उडतात. आणि कोबाल्ट घ्या, सोनेरी सेट लाकूड-अॅल्युमिनियमला ठेवा. सविस्तर जाणकार सांगतीलच.


टूलरूम (भोसरी)

खाडीकाठ, तुमच्या मशीनमध्ये खोट नाही. ड्रिल कापत नव्हतं, घासत होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं, म्हणून जरा लांबण लावतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. चांगली ड्रिलं विनाकारण जळताना बघितली की मला राहवत नाही.

आधी हिशोब. आरपीएमपेक्षा महत्त्वाचा असतो तो ड्रिलचा बाहेरचा कोपरा मिनिटाला किती मीटर पळतो तो आकडा. ९ मिमीच्या ड्रिलचा घेर २८ मिमीच्या थोडा वर भरतो. २८०० आरपीएमला तो कोपरा मिनिटाला ७९ मीटर पळतो. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला एमएसमध्ये २५ ते ३० मीटर झेपतात. ३०४ मध्ये १० ते १२, बस्स. म्हणजे ट्रिगर पूर्ण दाबला असेल तर तुम्ही सहा-सात पट वेगाने चालला होतात. सूत्र सोपं आहे : ३१८ ला मीटरच्या आकड्याने गुणा आणि ड्रिलच्या मिलीमीटरने भागा. ९ च्या ड्रिलला १२ मीटर धरले तर येतात ४२४ आरपीएम. ४ च्या ड्रिलला साडेनऊशे. एमएसमध्ये ६.८ च्या ड्रिलला २५ मीटरने साधारण ११७०.

म्हणूनच मेहुण्याचं बॅटरीचं मशीन आणा. अशा मशीनचा गिअर १ साधारण चारशे-पाचशेच्या आसपास फिरतो, नेमका आकडा पाटीवर लिहिलेला असतो. स्टेनलेसच्या ९ मिमी भोकाला तोच स्पीड हवा, आणि त्या गिअरमध्ये ताकदही भरपूर मिळते. तुमच्या वायरच्या मशीनचा ट्रिगर अर्धवट दाबून स्पीड कमी करता येतो, पण तसं केल्यावर जोरही जातो. दाब दिला की ते अडतं, अडलं की आपण ट्रिगर आणखी दाबतो, आणि परत स्पीड वाढतो.

आता ३०४ चा स्वभाव. दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे त्यातून उष्णता लवकर पसरत नाही, एमएसच्या मानाने एक तृतीयांशच. एमएसमध्ये तयार झालेली उष्णता पट्टीत जाते, किसाबरोबर निघून जाते. स्टेनलेसमध्ये ती धारेपाशीच साठते. दुसरी गोष्ट जास्त वाईट. हा धातू रगडला की जागेवर कडक होतो. ड्रिल कापत पुढे गेलं तर काही नाही, पण तेच ड्रिल दाबाशिवाय एका जागी फिरत राहिलं, तर खालचा पातळ थर चकाकतो आणि मूळ पट्टीपेक्षा कितीतरी कडक होतो. तुम्हाला दिसतोय तो चकचकीत तळ म्हणजे हाच थर. एमएस हे सगळं सहन करतं, म्हणून अँगलमध्ये तुम्हाला काही जाणवलं नाही.

म्हणून स्टेनलेसला स्पीड कमी, दाब जास्त आणि दाब सतत. प्रत्येक फेरीला धार थोडी तरी आत घुसली पाहिजे, म्हणजे आधीच्या फेरीने कडक केलेल्या थराच्या खालून ती कापत जाते. दाब कमी करून ‘बघू या किती गेलं’ म्हणत ड्रिल फिरतं ठेवायचं नाही. बघायचं असेल तर ड्रिल पूर्ण बाहेर काढा, तेल सोडा, आणि परत लावताना पहिल्या क्षणापासून अंग टाका. पिलर मशीनवर (खांबाला बसवलेलं उभं ड्रिल मशीन) हे भोक दहाएक सेकंदांत पार होतं. हातातल्या मशीनने अर्धा मिनिट धरा. मिनिटभर फिरवून खोली वाढत नसेल तर थांबा, धार गेली आहे.

किसाकडे लक्ष ठेवा, सगळं तिथे कळतं. दोन्ही फ्लूटमधून (ड्रिलच्या अंगावरच्या पिळदार खाचांमधून) सारख्या जाडीच्या, पांढऱ्या किंवा फिक्या पिवळसर गुंडाळ्या येत असतील तर उत्तम. गुंडाळी निळी यायला लागली की स्पीड कमी करा. गुंडाळीऐवजी सुईसारखा बारीक चुरा पडत असेल तर दाब कमी पडतोय नाहीतर धार बोथट आहे. एकाच फ्लूटमधून किस येत असेल तर ड्रिलच्या दोन धारा सारख्या नाहीत, भोक ९ च्या ठिकाणी सव्वानऊ होणार.

आता खरेदी. सेट घेऊ नका, सुटी ड्रिलं घ्या. दुकानात ‘एम-३५ कोबाल्ट, १३५ अंश, स्प्लिट पॉइंट’ असं मागा, १३५ अंश म्हणजे टोकाचा कोन. एम-३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट असतो, एम-४२ मध्ये ८. कोबाल्टने ड्रिल तापल्यावरही कडकपणा टिकवतं. एम-४२ आणखी टिकतं, पण ते ठिसूळ, हात हलला की तुकडा पडतो. हातातल्या मशीनला एम-३५ च बरं. कार्बाइडच्या वाटेला जाऊ नका, ते घट्ट बसलेल्या मशीनवरचं हत्यार आहे, हातात पहिल्या भोकालाच तुटेल. भिंतीच्या ड्रिलच्या टोकालाही कार्बाइडची टिकली असते, त्याचा इथे संबंध नाही. ‘टायटॅनियम’ म्हणून जे सोनेरी मिळतं ते टायटॅनियमचं नसतं, एचएसएसवर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा मुलामा असतो. चांगल्या कंपनीचा असेल तर त्याचा उपयोगही होतो. पण स्वस्त सेटवर बऱ्याचदा नुसता रंग, आणि आत काय पोलाद आहे देव जाणे. कानशीने तपासा : ड्रिलच्या टोकाजवळ कानस हलकी फिरवा. चांगल्या एचएसएसवरून ती घसरते. कानस धरली, ओरखडा उठला, तर ते ड्रिल स्टेनलेसला लावू नका.

९ ची दोन, ४ ची दोन (पातळ ड्रिल तुटतं, एक हाताशी जास्त हवं), आणि एमएससाठी ६.८ चं एक साधं एचएसएस, तेवढ्यात काम होईल. शँकवर (चकमध्ये धरतो त्या दांड्यावर) माप आणि ग्रेड कोरलेला बघून घ्या. अॅडिसन, टोटेम, मिरांडा ही आपल्याकडची जुनी नावं आहेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत सुटं ड्रिल मागितलं की मिळतं. रत्नागिरीतही एमआयडीसीजवळच्या टूलच्या दुकानात विचारा, साध्या हार्डवेअरमध्ये बहुतेक सेटच हातात ठेवतील.

मारायची पद्धत. सेंटर पंचचा एकच नेमका घाव घाला. स्टेनलेसवर पंच ठोकत बसलात तर तीच जागा कडक होते. पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळा. आधी ४ चं भोक आरपार, मग थेट ९. मधे ५, ६, ७ अशा पायऱ्या करू नका. त्यात फक्त कोपरे कापतात, तेच आधी झिजतात, आणि प्रत्येक पायरीला नवा कडक थर तयार होतो. तेल हवंच. कटिंग ऑइल मिळालं तर उत्तम. नाही तर तुमच्याकडे घाण्याचं खोबरेल असेल, तेही या स्पीडला चांगलं काम देतं. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे तेलाच्या जागी चालत नाही, तो क्षणात उडून जातो.

आता अर्धवट राहिलेलं भोक. पट्टी उलटी करा, मागून नेमकी तीच जागा आखा आणि कोवळ्या बाजूने ४ चं भोक पाडत या. पार झालं की ९ चं ड्रिलसुद्धा मागच्याच बाजूने चालवा. कडक थर पातळ असतो. मागून येणारं ड्रिल पूर्ण चावा घेऊनच त्याच्यापर्यंत पोचतं आणि त्याला पलीकडे ढकलून निघून जातं. फक्त त्या शेवटच्या क्षणी दाब सोडू नका.

फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणाल, तर पट्ट्या अजून भिंतीवर चढलेल्या नाहीत. ओळखीत कुणाकडे पिलर ड्रिल असेल तर चाळीस भोकं एका दुपारात होतील आणि एका रेषेत येतील. माझ्या मते तेच करा, अँगलची भोकं तेवढी घरी पाडा.


फिटर शिकवते (नाशिक)

टूलरूम दादांनी कापण्याचं छान समजावलंय. मी आयटीआयला फिटर ट्रेडच्या मुलामुलींना शिकवते, माझं सगळं लक्ष आधी हाताकडे जातं, म्हणून ते लिहिते.

ड्रिल फिरत असताना हातात मोजे नकोत. कापडी तर नकोतच. लोकांना वाटतं मोजे म्हणजे सुरक्षा, पण किसाच्या गुंडाळीत मोज्याचा एक धागा अडकला की अख्खा हात आत ओढला जातो. ओढणी, लांब बाही, मोकळे केस यांचंही तेच. चष्मा मात्र घालाच, साधा नाही, बाजूने बंद असलेला. स्टेनलेसचा किस हाताने ओढू नका, ब्लेडसारखा कापतो. मशीन थांबवून ब्रशने काढा.

छोटी पट्टी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भोक पाडणारे खूप बघते मी. ड्रिल पलीकडे फुटतं त्या क्षणी धार उरलेल्या पापुद्र्यात रुतते आणि पट्टी पंख्यासारखी गरकन फिरते. ९ मिमीला ही ओढ चांगलीच असते. क्लॅम्प नसेल तर त्या दिवशी भोक पाडायचं नाही, असं मी वर्गात सांगते. वायरचं मशीन वापरलंत तर बाजूची मूठ लावूनच धरा, नाहीतर मनगट पिळवटतं. चक आवळताना चावी तिन्ही छिद्रांत फिरवा, एकाच छिद्रातून आवळलं तर ड्रिल नीट मध्यावर बसत नाही आणि घसरतं. आणि चावी लगेच काढून ठेवा.

आता आट्यांचं. एम८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, म्हणून ८ मधून १.२५ वजा, ६.७५, बाजारात ६.८ चं ड्रिल मिळतं. त्याच हिशोबाने एम६ ला ५, एम१० ला ८.५. तुमच्या ६ मिमी अँगलमध्ये पावणेपाच आटे बसतात, ग्रिलसाठी पुरे. तीन टॅपचा (टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार) संच घ्या. पहिला टॅप लावताना गुण्या दोन बाजूंनी ठेवून बघा, पहिले दोन आटे वाकडे गेले की पुढे सरळ होत नाहीत. अर्धा-पाऊण फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे किस तुटतो. घट्ट लागलं तर जोर करू नका. मागे फिरवा, किस काढा, तेल घाला. तुटलेला टॅप अँगलमधून काढणं हे भोक पाडण्यापेक्षा दसपट कठीण काम आहे.

तुमचं ८ चं ड्रिल अँगलमधून पार झालंय म्हणता, त्या भोकात एम८ चे आटे येणार नाहीत. तिथे शेजारी नवं भोक घ्या, नाहीतर तेच ९ करून मागून नट लावा.


उद्यमनगर (कोल्हापूर)

दादा, ताई, दोघांचंही पटलं. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. खरं स्प्लिट पॉइंट असेल आणि पिलर मशीन असेल तर ४ चं भोक आधी पाडायची गरज नाही. स्प्लिट पॉइंटचा मधला गाभा टोकाशी घासून कापता केलेला असतो, म्हणून ते टोक सरकत नाही आणि सरळ बसतं. आधी भोक पाडलं की कोपऱ्यांवर सगळा भार येतो आणि स्टेनलेसमध्ये कोपरेच पहिले जातात. हातातल्या मशीनला मात्र दादा म्हणतात तेच बरोबर, माणसाच्या अंगात सलग ९ मिमी दाबायची ताकद पुरत नाही.

मला मुख्य सांगायचंय ते धारेबद्दल. लोक ड्रिल बोथट झालं की टाकतात. अहो, कोबाल्टचं ड्रिल धार लावत-लावत फ्लूट संपेपर्यंत वापरायची वस्तू आहे. चाळीस भोकांत तुम्हाला एक-दोनदा धार लावावी लागेलच, बेंच ग्राइंडर असेल तर शिकून घ्या.

तीन गोष्टी जुळायला हव्यात : दोन्ही धारांचा कोन सारखा, दोन्हींची लांबी सारखी, आणि धारेच्या मागचा भाग धारेपेक्षा खाली उतरलेला, साधारण १० अंश. हा उतार नसेल तर ड्रिल कितीही दाबा, त्याची टाच टेकते आणि ते नुसतं घासतं. घरी धार लावणाऱ्यांची सत्तर हिश्शांनी गडबड इथेच होते. कोन बघायला गेज नसलं तरी चालेल. एकाच मापाचे दोन षटकोनी नट सपाट ठेवून बाजूला बाजू भिडवा. त्यांच्या मध्ये जी खाच तयार होते ती बरोबर १२० अंशांची असते. साध्या ड्रिलचा कोन ११८ अंश, म्हणजे टोक त्या खाचेत धरून उजेडाकडे बघितलं की कळतं. एका बाजूने जास्त फट दिसली तर तिकडची धार कमी-जास्त आहे. १३५ अंशांच्या ड्रिलला हे माप लागू नाही, त्याला गेजच घ्या, नाहीतर नव्या ड्रिलशेजारी धरून ताडून बघा.

ग्राइंडरवर थोडं-थोडं लावा, बोटाला चटका बसायच्या आत काढा. लाल झालेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात आणि मग कामात तुकडा पडतो. हवेत गार होऊ द्या.

निळं पडलेलं टोक बघून घाबरू नका, असंही सांगतो. जुन्या कार्बन स्टीलच्या ड्रिलला निळा रंग म्हणजे पाणी उतरलं, संपलं. एचएसएस मात्र सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा धरून ठेवतं, आणि निळा रंग तीनशेलाच दिसायला लागतो. म्हणजे तुमच्या सेटमध्ये खरंच एचएसएस असेल तर निळा भाग दोन-तीन मिमी मागे घासून, नव्याने धार काढून ते एमएसला परत वापरता येईल. टेलर आणि व्हाइट या दोघांनी हे पोलाद बेथलेहेम स्टीलमध्ये तयार केलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं टूल लाल तापलेल्या टोकाने लोखंड कापताना दाखवलं. आमच्याकडे लेथवरच्या नव्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो, कारण हातातलं हत्यार किती मोलाचं आहे ते कळलं की पोरं ते जपतात.

आमचं रोजचं काम बिडाचं, त्याचं गणित उलटं. बिडात ग्रॅफाइट असतं, म्हणून तेल नाही, कोरडंच. किस गुंडाळीत येत नाही, भुगा पडतो, आणि त्यात तेल गेलं की चिखल होऊन भोक गच्च भरतं. बिडाला ३०४ चे नियम लावू नका आणि ३०४ ला बिडाचे. कुणी बिडाचं काम करत असेल म्हणून लिहून ठेवलं.


बंदर (मालवण)

खाडीकाठ, मी बोटींची कामं करतो, त्यामुळे ड्रिलपेक्षा भोक पाडून झाल्यावर काय होतं याची मला जास्त काळजी. थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे पट्टी खरंच ३०४ आहे का ते बघा. बाजारात २०२ पण ‘एसएस’ म्हणूनच विकतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते ड्रिलखाली ३०४ पेक्षाही लवकर कडक होतं आणि खाऱ्या वाऱ्यावर ठिपके धरतं. चुंबकाने फरक कळत नाही, दोन्हींना फारसं चिकटत नाही. भंगारवाल्यांकडे ग्रेड तपासायचं थेंबाचं औषध असतं, एक थेंब टाकून मिनिटात रंग बघतात. तेवढं करून घ्या. अगदी पाण्यालगतची पट्टी असेल तर ३१६ घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच दाद देत नाही.

दुसरं, एमएसला वापरलेलं ड्रिल आणि तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. अँगल कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या पट्टीवर उडू देऊ नका. लोखंडाचे कण पट्टीत रुततात आणि पहिल्या पावसात तिथेच तांबडे डाग उठतात. लोकांना वाटतं स्टेनलेस गंजलं.

तिसरं, स्टेनलेस थेट एमएस अँगलवर कसू नका. मधे खारं पाणी गेलं की दोन धातूंमध्ये अँगल झिजतो, तोही सांध्यातच, जिथे तुम्हाला दिसणार नाही. अँगलला इपॉक्सी प्रायमर, भोकाच्या आतल्या कडेलाही, आणि मधे रबराची किंवा नायलॉनची पट्टी. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉन वॉशर. अँगलच्या आट्यांत ग्रीस भरून मगच बोल्ट घाला.


खाडीकाठ (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबाची तपासणी करून घेतली, पट्टी ३०४ च निघाली. एम-३५ ची सुटी ड्रिलं मागवून घेतली, बॅटरीचं मशीन गिअर १ वर, खोबरेल तेल. अडलेलं भोक मागून सोडवलं. ९ चं ड्रिल उतरताना दोन्ही बाजूंनी पांढऱ्या गुंडाळ्या निघाल्या आणि ड्रिल पार झाल्यावर बोटाला सोसवेल इतकंच गरम होतं. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. बाकीच्या पट्ट्या टूलरूम दादांनी सांगितल्याप्रमाणे ओळखीच्या पिलर मशीनवर नेतोय.

एक नवीन अडचण. खिडकीच्या एका सांध्यात स्टेनलेसचा बोल्ट आणि स्टेनलेसचाच नट होता. नट कसत आणला आणि मध्येच जाम झाला, आता पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आटे तर स्वच्छ होते. हे कशाने?


बंदर (मालवण)

बोटीवर हे नेहमीचं आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबाखाली घासलं की वरचा पातळ थर निघतो आणि दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात. नट पान्याने भरभर किंवा इम्पॅक्ट मशीनने कसला की हमखास होतं. पुढच्या प्रत्येक बोल्टला कॉपर किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा, नाही मिळालं तर जाड ग्रीस. हाताच्या पान्याने सावकाश कसा. बोल्ट ३०४ चा आणि नट ३१६ चा घेतला तर त्रास आणखी कमी.

जाम झालेला सुटायचा नाही. मागे-पुढे करत बसलात तर आणखी घट्ट होईल. बोल्ट कापून टाका.


टूलरूम (भोसरी)

आणि कापताना ग्राइंडरऐवजी हॅक्सॉ वापरा, इंचाला २४ दात्यांचं बायमेटल ब्लेड. तिथेही तेच, सावकाश, पुढे जाताना दाब, मागे येताना उचलून. ग्राइंडरच लावावा लागला तर ठिणग्यांसाठी पट्टीवर ओली गोणपाट टाकून ठेवा. आणि पिलर मशीनवर जाल तेव्हा आधी पट्टा कोणत्या पुलीवर आहे ते बघून घ्या. फॅब्रिकेशनवाल्यांकडे तो बहुतेक वेळा एमएसच्या स्पीडवर लावलेला असतो. ४०० च्या आसपासच्या पायरीवर घ्यायला सांगा, मगच पहिली पट्टी लावा.